बायपॅप लावणाऱ्या हातांची तयारी: महाड-पोलादपूर परिसरातील लहान रुग्णालयांसाठी मार्गदर्शन

कोविडच्या साथीत अनेक लहान रुग्णालयांत बायपॅप यंत्रे येऊन दाखल झाली. साथ ओसरली, यंत्रे राहिली, आणि ती कोणत्या रुग्णाला, कोणी व किती दाबाने लावायची याविषयीचा संभ्रमही राहिला. दासगाव, बिरवाडी, महाड, पोलादपूर अशा ठिकाणी काम करणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना, खासगी डॉक्टरांना आणि परिचारिकांना पडणारे प्रश्न साधारणतः तेच ते असतात: प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलेच पाहिजे काय, ते किती दिवसांचे असावे, आणि अतिदक्षता तज्ज्ञ हाताशी नसताना यंत्र लावल्यावर रुग्ण बिघडला तर जबाबदारी कोणाची. आपल्या रुग्णालयात हे प्रश्न विचारले जात असतील, तर पुढील विवेचन आपल्यासाठी आहे.

घशात नळी न घालता, चेहऱ्यावर घट्ट बसणाऱ्या मुखवट्यातून दाबाखाली हवा देऊन श्वासाला जो आधार दिला जातो त्याला नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशन, थोडक्यात एनआयव्ही, म्हणतात. श्वास घेताना आणि सोडताना एकच दाब ठेवणारी पद्धत ती सीपॅप. घेताना जास्त दाब (आयपॅप) आणि सोडताना कमी दाब (ईपॅप) देणारी ती बायपॅप. कायम राहणारा दाब फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवून ऑक्सिजन सुधारतो, तर दोन दाबांमधील फरक थकलेल्या स्नायूंच्या कामाचा वाटा उचलून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतो. रुग्णाच्या खाटेपाशी निर्णय घेण्यास एवढा सिद्धांत पुरेसा आहे.

प्रशिक्षण कोणाचे आणि किती

सर्वांत मोठा गैरसमज असा की, हे प्रशिक्षण डॉक्टरांनी घ्यायचे आणि परिचारिकेने केवळ मुखवटा धरायचा. वास्तविक पहाटे तीन वाजता मुखवटा सरकला, रुग्णाने तो ओढून काढला किंवा सॅच्युरेशन घसरू लागले, तर ते सर्वांत आधी सिस्टरच्याच लक्षात येते. ‘लॅन्सेट’मध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात १४ रुग्णालयांच्या साध्या वॉर्डांत, अतिदक्षता विभागाबाहेर, तेथील परिचारिकांनी दीर्घकालीन श्वासरोगाच्या, म्हणजे सीओपीडीच्या, रुग्णांना बायपॅप लावले; ट्यूब टाकण्याची गरज २७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आणि मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. या वॉर्डांना पहिल्या तीन महिन्यांत मिळालेले औपचारिक प्रशिक्षण सरासरी साडेसात तासांच्या आसपास होते आणि त्यानंतर महिन्याला तासाभराहून कमी. म्हणजे प्रशिक्षण फार लांब असावे लागत नाही. मात्र ते त्याच वॉर्डात, त्याच यंत्रावर आणि ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा व्हावे लागते.

याच नाण्याची दुसरी बाजू २०१७ च्या एका ब्रिटिश राष्ट्रीय पाहणीत दिसली. उपचारपद्धती सर्वत्र पोहोचल्यानंतर तपासलेल्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक दगावले होते आणि चुकीची निवड, उशीर व अपुरी देखरेख ही त्रुटींची नावे पुन्हा पुन्हा पुढे आली. यंत्र सर्वत्र असणे आणि उपचार चांगला होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून स्पष्ट होते.

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत आणखी एक अडचण आहे. बंधपत्रावर आलेले वैद्यकीय अधिकारी वर्षभरात बदलतात आणि कंत्राटी परिचारिकाही टिकतातच असे नाही. त्यामुळे एकदा झालेल्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि कौशल्य बदलीबरोबर निघून जाते. यावर उपाय एकच: दर पाळीत यंत्र हाताळू शकणारी किमान एक व्यक्ती असेल अशी नावांची यादी ठेवावी, तिच्यात फिजिशियन, वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि ऑक्सिजन सिलिंडर बदलणारा कर्मचारी या चौघांचाही समावेश असावा, आणि नव्याने रुजू होणाऱ्यास पहिल्या पंधरवड्यातच शिकवावे. मुंबईतील मोठ्या रुग्णालयात काही दिवस निरीक्षणास जाणे उपयुक्त आहे. पण ज्याला जाता येत नाही त्याचे प्रशिक्षण त्यावाचून अडून राहू नये.

कोणाला लावावे, कोणाला लावू नये

प्रशिक्षणाचा अर्धा भाग यंत्रापाशी नव्हे, रुग्णाच्या निवडीपाशी खर्च व्हायला हवा. पुरावा सर्वांत भक्कम आहे तो दोन ठिकाणी: सीओपीडीचा तीव्र झटका, ज्यात रक्ताचा पीएच ७.३५ किंवा त्याखाली आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ हून अधिक असतो. आणि हृदयाच्या अशक्तपणामुळे फुप्फुसांत पाणी भरणे, म्हणजे पल्मनरी एडिमा. पहिल्या गटात चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या वयस्क स्त्रिया असतात हे विसरू नये. त्यांनी बिडी ओढलेली नसते, म्हणून सीओपीडीचा विचारच होत नाही आणि दम्याच्या फवाऱ्यावर त्यांना वर्षानुवर्षे परत पाठवले जाते.

मुखवटा लावणे धोक्याचे ठरते अशा स्थिती पुढीलप्रमाणे आहेत:

- श्वास थांबलेला किंवा थांबण्याच्या बेतात असलेला रुग्ण;
- सतत उलट्या, रक्ताच्या उलट्या किंवा नुकतीच झालेली अन्ननलिका-जठराची शस्त्रक्रिया;
- चेहऱ्याची दुखापत किंवा भाजणे;
- छातीत हवा शिरून फुप्फुस मिटलेले, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, आणि निचऱ्याची नळी अद्याप न टाकलेली;
- रक्तदाब सावरलेला नसणे;
- घशातील स्राव गिळता किंवा खोकून काढता न येणे.

शेवटचा मुद्दा या पट्ट्यात विशेष महत्त्वाचा आहे. मण्यार किंवा नाग चावल्यावर पापण्या जड होतात, मान टाकली जाते, गिळता येत नाही आणि श्वासाचे स्नायू लुळे पडत जातात. अशा रुग्णाला बायपॅप लावून थांबणे ही गंभीर चूक आहे, कारण लाळ श्वासनलिकेत उतरते आणि मुखवट्याचा दाब ती आणखी आत ढकलतो. त्याला प्रतिविष, वेळेवर ट्यूब आणि, ट्यूब टाकता येत नसेल तर, अंबू बॅगने श्वास देत पुढे पाठवणे हाच मार्ग आहे. शेतीवर फवारण्याच्या कीटकनाशकाच्या विषबाधेतही तोंडातून फेस येतो, स्राव अमाप होतो. तेथेही हाच नियम लागू होतो. पूर ओसरल्यानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णाला खोकल्यातून रक्त येऊ लागले, तर मुखवट्यावर विसंबून रात्र काढू नये. दम्याच्या तीव्र झटक्यात एनआयव्हीविषयी मार्गदर्शक तत्त्वांत ठाम शिफारस नाही. लहान रुग्णालयाने तेथे प्रयोग करू नये.

क्षयरोगाने जुनी इजा झालेल्या फुप्फुसांत फुगे असू शकतात आणि दाबाने ते फुटू शकतात. शक्य असेल तेथे छातीचा एक्स-रे आधी पाहावा, आणि क्षयाची शंका असल्यास यंत्राच्या वाटेवर जिवाणू-विषाणू रोखणारा फिल्टर बसवल्याशिवाय सुरुवात करू नये.

विंचूदंश: महाड तालुक्याचे विशेष प्रकरण

तांबड्या विंचवाच्या दंशाने होणाऱ्या मृत्यूचा जगाला परिचय करून देणारे काम याच तालुक्यात झाले. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि विंचू चावलेले रुग्ण फुप्फुसांत पाणी भरून दगावतात हे त्यांनी खाटेपाशी बसून टिपले. विषामुळे शरीरात अॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आक्रसतात, हृदयावर असह्य भार पडतो आणि फुप्फुसे भरतात, हे लक्षात आल्यावर रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या प्राझोसिन या गोळीचा वापर त्यांनी सुरू केला. त्याविषयीचा लेख १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे दाखवणारा महाडमधीलच अभ्यास २०११ मध्ये ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

याचा एनआयव्हीच्या प्रशिक्षणाशी थेट संबंध आहे. पल्मनरी एडिमात सीपॅप उपयोगी पडतो हे शिकलेला डॉक्टर विंचूदंशाच्या रुग्णालाही तो लावेल, आणि योग्य वेळी लावल्यास तो आधार देईलही. पण तीन गोष्टी त्याला आधी शिकवल्या पाहिजेत. एक, विंचूदंशात उलट्या हे नेहमीचे लक्षण आहे, तेव्हा उलट्या थांबलेल्या नसताना तोंड-नाक झाकणारा मुखवटा बांधला तर ओकारी फुप्फुसात जाऊ शकते. दोन, रुग्ण घामाने डबडबलेला असतो, मुखवटा गालावरून घसरतो आणि गळती होते. चेहरा वारंवार पुसून, पट्टे फार न आवळता, तो हाताने धरून ठेवण्याची तयारी हवी. तीन, प्राझोसिन तोंडाने द्यायचे असल्याने गोळी मुखवट्याआधी गेली पाहिजे, आणि प्राझोसिन व हवेचा दाब ही दोन्ही रक्तदाब उतरवणारी असल्याने दर पंधरा मिनिटांनी तो मोजला पाहिजे. हातपाय गार पडून रक्तदाब खालावलेल्या रुग्णावर दाबाचा प्रयोग करू नये. सीपॅप हा प्राझोसिनला किंवा प्रतिविषाला पर्याय नाही.

पहिला तास

एनआयव्ही यशस्वी होणार की नाही हे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन तासांतच कळते. म्हणूनच प्रशिक्षणाचा सर्वाधिक वेळ याच तासाच्या सरावाला द्यावा. सरावाची उत्तम रीत अशी की, प्रत्येक शिकाऊ डॉक्टराने आणि परिचारिकेने स्वतःच्या चेहऱ्यावर मुखवटा लावून आठ-दहा सेंटिमीटर पाण्याच्या दाबाची हवा काही मिनिटे घ्यावी. कोंडल्यासारखे वाटणे, डोळ्यांत वारा शिरणे आणि तोंड कोरडे पडणे एकदा अनुभवले की, घाबरलेला रुग्ण ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा लिहिण्याची घाई कमी होते.

रुग्णापाशी क्रम पुढीलप्रमाणे असावा:

१. रुग्णाला टेकून, अर्धवट बसते करावे आणि त्याच्या भाषेत सांगावे. “आजी, वारा जोरात येईल, त्याच्याशी भांडायचे नाही, तो आत येऊ द्यायचा. त्रास झाला तर हात वर करा, मी इथेच आहे” एवढी वाक्ये औषधाइतकी महत्त्वाची आहेत.

२. योग्य मापाचा मुखवटा निवडून तो प्रथम पट्ट्यांशिवाय, हाताने, कमी दाबावर चेहऱ्याशी धरावा. शक्य तर रुग्णाच्याच हातात द्यावा. श्वास जुळू लागल्यावर पट्टे बांधावेत आणि पट्ट्याखाली दोन बोटे सहज जातील एवढाच ताण ठेवावा. थोडी गळती चालते. नाकाच्या हाडावर पडणारी जखम चालत नाही. हाडावर सुरुवातीलाच संरक्षक पट्टी लावणे हा साधा उपाय आहे.

३. सीओपीडीत आयपॅप १०–१२ आणि ईपॅप ४–५ पासून सुरुवात करून, सहन होईल तसतसा आयपॅप काही मिनिटांनी दोन-दोनने वाढवत पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात १५–२० पर्यंत न्यावा. सुरुवातीच्या कमी दाबावरच रात्रभर सोडून देणे हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. रुग्ण शांत दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. पल्मनरी एडिमात सीपॅप ५ पासून १० पर्यंत पुरतो.

४. सीओपीडीत सॅच्युरेशनचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवावे. नातेवाइकांच्या समाधानासाठी ते ९९ वर नेल्यास कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि रुग्ण गुंगीत जातो.

५. एक ते दोन तासांनी रक्तवायू तपासणी, म्हणजे एबीजी, पुन्हा करावी. ती सोय नसेल तर श्वासाची गती, मानेच्या स्नायूंची ओढ, जाग आणि नाडी दर पंधरा मिनिटांनी कागदावर लिहावी. नोंद नसेल तर सुधारणा झाली की नाही हे पाळी बदलल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

यंत्राविषयी टाळण्याजोग्या चुका

यंत्र कोणत्या कंपनीचे आहे याला फारसे महत्त्व नाही. श्वास बाहेर कोठून जातो याला आहे. एकेरी नळीच्या बायपॅपला मुखवट्यात किंवा नळीत श्वास सोडण्याची छिद्रे लागतात. दुहेरी नळीच्या अतिदक्षता व्हेंटिलेटरला छिद्रे नसलेला मुखवटा लागतो. अदलाबदल झाली तर पहिल्या प्रकारात रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढतो आणि दुसऱ्यात यंत्र गळतीचे गजर देत राहते. ही जोडणी प्रत्येकाने डोळ्यांसमोर करून दाखवल्याशिवाय त्याला प्रशिक्षित मानू नये. दाब २०–२५ च्या वर गेल्यास हवा पोटात शिरून पोट फुगते, हेही लक्षात ठेवावे.

थांबायचे केव्हा आणि पाठवायचे कसे

एनआयव्हीमुळे होणारे टाळता येण्यासारखे मृत्यू बहुधा उशिरा मान्य केलेल्या अपयशाचे असतात. तासाभरात श्वासाची गती उतरली नाही, गुंगी वाढली, पीएच सुधारला नाही किंवा रक्तदाब घसरला, तर मुखवटा आणखी एक तास ठेवून पाहणे हा उपचार नव्हे. शहरातील डॉक्टरला ट्यूब टाकण्यासाठी शेजारच्या खोलीत जावे लागते. दासगावच्या डॉक्टरला रुग्णवाहिका बोलवावी लागते. म्हणून येथील नियम अधिक कडक असावा: मुखवटा लावतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन करून ठेवावा, आणि तासाने सुधारणा दिसली तर तो रद्द करावा.

प्रवासाचा हिशेब प्रशिक्षणात पाटीवर मांडून शिकवावा. लहान बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १५ लिटर दराने तो १०० मिनिटे पुरतो. मोठ्या डी-टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर, म्हणजे त्याच दराने पावणेआठ तासांच्या आसपास. चार तासांच्या वाटेला ३,६०० लिटर लागतात. म्हणजे तीन बी-टाइप आणि त्यावर राखीव, किंवा एक भरलेला डी-टाइप. मुंबई-गोवा महामार्गावर वाहतूक अडकली किंवा पावसात वरंधा घाट बंद असला, तर चाराचे सहा तास होऊ शकतात. १०८ ला फोन करताना ‘रुग्णवाहिका पाठवा’ एवढेच न सांगता रुग्ण बायपॅपवर आहे, व्हेंटिलेटर असलेली अॅडव्हान्स लाइफ सपोर्ट गाडीच हवी, असे स्पष्ट सांगावे.

जुलै २००५ मध्ये दासगावावर दरड कोसळली आणि जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले. अशा दिवशी वीज आणि रस्ता दोन्ही जातात. यंत्राची बॅटरी किती मिनिटे टिकते हे कागदावरून नव्हे, प्लग काढून पाहावे, आणि वीज गेल्यावर मुखवटा लगेच काढून साधा ऑक्सिजन किंवा अंबू बॅग देण्याचा सराव करावा, कारण बंद पडलेल्या यंत्राचा मुखवटा चेहऱ्यावर राहणे धोक्याचे असते.

हक्क आणि जबाबदारी

तज्ज्ञ नाही म्हणून तातडीचा उपचार नाकारता येत नाही. परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तातडीची मदत हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य मानले. जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालानुसार डॉक्टरची कृती त्या परिस्थितीतील सर्वसाधारण कुशल डॉक्टरच्या मोजमापाने पाहिली जाते. केवळ परिणाम वाईट झाला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. येथे आपले संरक्षण एकच: का लावले, केव्हा तपासले, केव्हा पाठवायचे ठरले, याची वेळेसह नोंद.

रुग्ण आणि नातेवाइकांचेही हक्क आहेत. उपचाराची माहिती मराठीत मिळणे, संमती विचारली जाणे आणि मागणी केल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांची प्रत मिळणे हे त्यांतील मुख्य. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. अखेरच्या टप्प्यातील आजारात ट्यूब टाकायची नाही असे ठरत असेल, तर ते मुखवटा लावण्यापूर्वी रुग्णाशी आणि कुटुंबाशी बोलून लिहून ठेवावे. मध्यरात्री, घाईत, दाराशी उभ्या असलेल्या एका मुलाला विचारून ठरवू नये. परिचारिकेलाही हक्क आहे: शिकवलेले नसताना एकटीने यंत्र सांभाळायला सांगितले गेल्यास तिने ते लेखी कळवावे, आणि व्यवस्थापनाने त्याचा राग धरू नये.

सुरुवात कोठून करावी

पहिल्या आठवड्यात यंत्र, मुखवट्यांची मापे, फिल्टर आणि सिलिंडर मोजावेत आणि एक पानाची तपासणी-यादी मराठीत तयार करावी. दुसऱ्या आठवड्यात दोन-दोन तासांची तीन सत्रे घ्यावीत: निवड, पहिला तास, अपयश आणि प्रवास. त्यानंतरच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून महिन्यातून एकदा अर्धा तास ती सर्वांनी मिळून वाचावी. ज्याला पाठवायला उशीर झाला त्या रुग्णावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, कोणाचे नाव न घेता. अलिबागचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबई-पुण्यातील एखादा छातीविकार वा अतिदक्षता तज्ज्ञ यांपैकी एकाचा दूरध्वनी-सल्ला रात्रीही मिळेल, अशी व्यवस्था आधीच लेखी करून ठेवावी. भारतीय अतिदक्षता वैद्यक संघटनेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेली एनआयव्हीची मार्गदर्शक तत्त्वे छापून वॉर्डात ठेवावीत.

ही सारी तयारी मे महिना संपण्यापूर्वी पूर्ण करा. जूनच्या पहिल्या पावसानंतर दासगावहून रुग्ण हलवण्यास लागणारा वेळ कोणाच्याही हातात राहत नाही.